कापसातला बेडूक आणि बाबांचा पियानो

श्रावणात बाबा गेले. तेरावं झाल्यावर आई म्हणाली, "बापू, थो पियानो सरकव. मागून झाडायचं आहे."

दिग्रसमध्ये, कारकुनाच्या घरी पियानो? बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेब लिहायचे. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडलं, भंगारवाल्यानं यंत्रं नेली. जिनिंगच्या शेठच्या बंगल्यातल्या पियानोला मात्र कोणी हात लावेना. बाबांनी तो बैलबंडीत घालून घरी आणला! रोज संध्याकाळी एका बोटानं वाजवायचे. आवाज असा, की डब्यात खडे हलवावेत. बाबांना सुरांचं काही कळत नाही, यावर घरात एकमत होतं. (मी ते त्यांना दोनदा तोंडावर ऐकवलंही होतं.)

सरकवताना झाकण उघडलं. आत खेळणी! भोवरा, बिनडोक्याची बाहुली, पत्र्याचा बेडूक, अशी अठरा. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. बेडकाच्या चिठ्ठीवर बाबांचं अक्षर होतं : 'बोरी अरब गावची बंडी. पोरगी रडत गेली.'

आईनं चिठ्ठी वाचून सगळं सांगितलं. शेतकऱ्यांची पोरं कापसाच्या बंडीवर झोपून यायची, त्यांची खेळणी कापसात हरवायची आणि यंत्रात जायच्या आधी बाबा ती उचलायचे.

"मले तं म्हणे, फेकून देल्ले," आई म्हणाली. "ज्याचं त्याले पोचव बापू. त्याईचं काम अर्धं राह्यलं."

मी ग्रंथपाल. आयुष्यात मोठ्यानं बोललेलं एकच वाक्य, 'शांतता राखा'. मी गावोगाव हाळी देणार? शेजारचे दामूकाका सुतार म्हणाले, "तान्ह्या पोळ्यात ने न गा! समदे पोट्टे बक्षिसासाठी लाकडाचे बैल सजवून येतेत, संग त्याईचे मायबाप येतेत, अन् थेच तं तवाचे बंडीवरचे पोट्टे! पियानोवर चिकटव खेळणे. चाकं तं याले हायेतच!"

"पण काका, आपल्या घरी यंदा सण नाही."

"आपल्या घरी नाही," आई म्हणाली. "बेडकाच्या घरी आहे न!"

काकांनी सरस दिला. "थोडासाच लाव. मंग काढा लागते."

पण हातात घेतलेलं काम मनापासून करावं, असं मी बऱ्याच पुस्तकांत वाचलेलं. अख्खा डबा संपवला! खेळणी दिमाखात बसली. फक्त माझा चष्मा कुठे ठेवला ते आठवेना.

चष्म्याविना तसाच निघालो. मी मागून ढकलतोय, काका दोर धरून पुढे, आई बाजूने "हळू, हळू!" उतार लागला आणि पियानोनं आम्हाला विचारणं सोडलं. काकांनी दोर टाकून दिला. समोर मला मोकळा, पांढराशुभ्र रस्ता दिसत होता.

तो परीक्षकांचा मंडप होता!

एक चाक गटारात, मंडप पियानोवर आणि मी मंडपात. मारुतीच्या पाराशी टेकून पियानो थांबला. कापडाखालून बाहेर येत मुख्य परीक्षकांनी विचारलं, "कोणाचा बैल होय हा?"

"बैल नाही. पियानो."

"मंग शिंगं काहून नाहीत?"

एवढ्यात कुठूनसं 'टक्' वाजलं. कडेवर मूल घेतलेली एक बाई बेडूक दाबत होती. मग तिनं चिठ्ठी वाचली आणि उसळली, "पोरगी रडत गेली? मी? रडत तं माहा भाऊ होता!"

"ने बाई," आई म्हणाली. "तुहाच आहे. ने."

तिनं ओढला. मी ओढला. काका पाय लावून ओढायला लागले. बेडूक हलला नाही. पियानोचं झाकण मात्र निघून काकांच्या हातात आलं!

"कितीक सरस लावला बे?" काका ओरडले.

आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

"राहू द्या काकू," ती बाई म्हणाली. "बजाराच्या दिवशी येतोच आम्ही. हितंच वाजवीन."

तिच्या कडेवरच्या मुलानं एक पट्टी दाबली. आत आता खेळणी नव्हती; स्वच्छ, लांब सूर निघाला. आई माझ्याकडे वळली. "ऐकलं? थे बरोबरच वाजवत होते."

मी एका बोटानं तीच पट्टी पुन्हा दाबली.

चाक सापडलं नाही, म्हणून पियानो पाराशीच आहे. पावसासाठी वर काकांनी पत्रा ठोकलाय. आजवर सहा जणांनी आपलं खेळणं ओळखलं. नेलं कोणीच नाही. नेता येतच नाही! बाजाराच्या दिवशी येतात, वाजवतात, जातात. आई चहा घेऊन तिथे बसते.

पियानोवर आता अठरा खेळणी आहेत. आणि बाहुलीच्या मागे, दोन्ही काचा शाबूत असलेला माझा चष्मा.