नऊ पक्की मतं

"अनुभव किती?"

आमच्या साहेबांचं हे पहिलं वाक्य. समोर कोण बसलंय याच्याशी त्याचा काही संबंध नसे. नोकरीसाठी आलेला माणूस असो, गणपतीची वर्गणी मागायला आलेलं मंडळ असो, नाहीतर दारात उभा असलेला कुरिअरवाला. साहेब कुकरची रबरी रिंग दोन्ही अंगठ्यांवर ताणत, नाकाशी नेऊन हुंगत आणि विचारत, "अनुभव किती?" रबर कच्चं राहिलं की वास येतो, म्हणून हुंगायचं. माणसाला हुंगायची सोय नाही, म्हणून विचारायचं, असं आम्ही त्यांच्या मागे म्हणत असू.

वागळे इस्टेटीत त्यांचा कारखाना होता. कुकरच्या रिंगा बनायच्या, पंचावन्न कामगार, दोन शिफ्ट. मी स्टोअरला होतो आणि पुढे पुढे साहेबांच्या हाताखालचं सगळंच बघू लागलो. बावीस वर्षं. तुमच्या कुकरची शिट्टी वेळेवर होत असेल तर त्यात थोडं माझंही पुण्य आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मालक म्हणून माणूस चोख होता. एका कामगाराचं बोट प्रेसमध्ये गेलं तेव्हा त्याला स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि तो परत येईपर्यंत त्याची जागा रिकामी ठेवली. पण एकटा. लग्न केलेलं नव्हतं. नौपाड्यातल्या घरात थोरली बहीण होती; ती गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही. दुपारी साहेब केबिनचं दार मुद्दाम उघडं ठेवून जेवायला बसत. बाहेर आमचे डबे एकत्र उघडलेले असायचे, थट्टामस्करी चाललेली असायची. एकदा ते उठून आमच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. सगळे गप्प. "चालू द्या, चालू द्या," साहेब म्हणाले. आता चालू काय द्यायचं? आम्ही खाली मान घालून जेवत राहिलो. ते थोडा वेळ थांबले आणि परत आत गेले.

त्याच सुमारास परदेशात कुठलासा बडा उद्योगपती थेट देशाच्या खुर्चीत जाऊन बसला. त्या गृहस्थाने जन्मात साधी ग्रामपंचायतही लढवली नव्हती म्हणे. साहेबांनी पेपरातलं ते कात्रण केबिनच्या बोर्डावर, शिफ्टच्या वेळापत्रकाशेजारी टाचलं.

"गायकवाड, देश म्हणजे काय हो? मोठा कारखाना. पुढाऱ्यांनी काय केलं आजवर? भाषणं. भाषणानं मशीन चालतं का?"

"नाही साहेब."

"मालक लागतो. निर्णय घेणारा, एकच."

"बरोबर आहे साहेब."

घरी मात्र माझी जीभ सैल सुटायची. बायकोला म्हणालो, "यांना न पटणारा माणूस हे कामावरून काढू शकतात. देशातून कुणाला काढणार? तिथे न पटणाऱ्यालाच घेऊन चालावं लागतं." ती भाजी चिरत होती. म्हणाली, "मग हे त्यांनाच सांगा ना." मी पेपर उघडून तोंडापुढे धरला.

मी सांगितलं नाही, दुसऱ्या कुणीही सांगितलं नाही. त्यामुळे महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा साहेबांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. "दिल्ली लांब आहे. वॉर्डापासून सुरू करू," म्हणाले. वॉर्ड निवडला तो कारखान्यामागचा, जिथे आम्ही बरेचसे कामगार राहायचो. त्यांचं स्वतःचं नाव नौपाड्याच्या यादीत, म्हणजे स्वतःचं मतसुद्धा त्यांना स्वतःला देता येणार नव्हतं. चिन्ह मिळालं कुकर. त्या दिवशी साहेब शाळेतल्या मुलासारखे खूश होते. तीन वेळा मला कागद दाखवला.

प्रचाराला मी बरोबर असायचो. मत मागायचं म्हणजे हात जोडायचे, हे त्यांना सांगून सांगून मी थकलो. ते हात पुढे करायचे, मुलाखतीला बसल्यासारखे. बायका गोंधळून पदराला हात पुसायच्या. एका घरी बाई म्हणाली, "कुकरवाले ना? मग रिंग फुकट देणार का?" साहेबांनी तिला आचारसंहिता समजावून सांगितली. चांगली दहा मिनिटं. दुसऱ्या घरातली बाई भांडायलाच उठली, की तुमची रिंग सहा महिन्यांत सैल पडते. साहेब तिथे उंबऱ्यावर बसले, वही काढली, कधी घेतली, कुठून घेतली, धुता कशाने, सगळं लिहून घेतलं. जिना उतरताना मला म्हणाले, "आज एक खरी तक्रार मिळाली." सबंध प्रचारात मी त्यांना एवढं सुखी पाहिलं नाही.

वस्तीच्या टोकाला जुन्या आगरी घराच्या ओटीवर एक म्हातारी बसलेली असायची. एके काळी त्या सगळ्या इस्टेटीच्या जागेवर तिच्या घरच्यांची शेती होती. साहेबांनी तिलाही सवयीने विचारलं, "आजी, घरात कोण कोण? कामाचा अनुभव कुणाला किती?"

म्हातारीने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आन तुजा कवरा अनुभव हाय रं बाला?"

"बत्तीस वर्षं," साहेब ताठ उभे राहून म्हणाले. "कारखान्याचा."

"त्यो नाय रं. आमचा."

साहेबांनी काढलेली वही पुन्हा खिशात ठेवली. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. गाडीत बसल्यावर त्यांनी वहीतली घरांची यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली. मग म्हणाले, "गायकवाड, निवडून येईन असं काही मला वाटत नाही. तेवढं कळतं मला. पण माझी माणसं माझ्यामागे आहेत, एवढं एकदा दिसलं पाहिजे. बाकी काही नको."

माझी माणसं म्हणजे आम्ही. आमच्या चाळीत कारखान्यातले पाच जण राहायचो. आम्ही पाच आणि चौघांच्या बायका. साहेबांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावून विचारलं. प्रत्येक जण म्हणाला, "साहेब, मत तुम्हालाच." मीही म्हणालो. साहेबांनी वहीत लिहिलं, 'गायकवाडांचं बूथ, नऊ पक्की.' आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

आता मतदानाचं सांगतो. माझे वडील महापालिकेत सफाई कामगार होते. मतदानाच्या दिवशी ते पहाटे आंघोळ करायचे, इस्त्रीचा पांढरा सदरा घालायचे आणि बूथवर पहिला नंबर लावायचे. लहानपणी मला सांगायचे, "हे आपल्याला सहज मिळालेलं नाही. कुणाला खूश करायला मत द्यायचं नाही." ते गेल्यानंतरही मी पांढराच सदरा घालून जातो. त्या दिवशीही गेलो. आमच्याकडे एका वेळी चार जागांसाठी चार बटणं दाबायची असतात. कुकर समोर दिसत होता. बोट तिथवर गेलं. मनात म्हटलं, बाकीचे आठ जण देणारच आहेत, माझं एक गेलं नाही म्हणून काय बिघडतं. आणि मला जे योग्य वाटत होतं, ते बटण दाबलं.

मतमोजणीला साहेबांचा प्रतिनिधी म्हणून मीच बसलो होतो. जाळीच्या पलीकडे टेबलं, अलीकडे आम्ही कागद घेऊन. एकेका मशीनचे आकडे वाचले जायचे आणि मी बूथवार लिहून घ्यायचो. कुठे सात, कुठे अकरा, कुठे चार. मग आमच्या बूथचं मशीन आलं. अधिकाऱ्याने आकडे वाचत वाचत साहेबांचं नाव घेतलं आणि म्हणाला, "शून्य."

मी शून्य लिहिलं. आठही जणांनी माझ्यासारखाच विचार केला होता. त्यात माझी बायकोही आली. ती नंतर म्हणाली, तिला वाटलं होतं, मी तर देतोयच. हा कागद साहेब बघणार होते. मी इकडे तिकडे पाहिलं आणि त्या शून्याला खाली एक बारीक शेपटी ओढली. शून्याचा एक झाला. तुम्ही म्हणाल, एका मताने काय होणार होतं. काहीच नाही. पण शून्य घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं धैर्य मला नव्हतं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला केबिनमध्ये साहेब तो कागद घेऊन बसले. अनामत गेल्याचं त्यांना कळलेलं होतं, त्याचं काही नव्हतं.

"बेरीज एकाने जास्त येते," ते म्हणाले. "त्यांनी जाहीर केली दोनशे अकरा. तुमची येतात दोनशे बारा."

"लिहिताना चुकलं असेल साहेब."

"कुठे ते बघू."

पेन्सिल एकेका बूथवरून खाली उतरत गेली आणि आमच्या बूथपाशी थांबली. साच्यावरचा केसाएवढा ओरखडा दिसणारा माणूस तो. त्यांनी कागद दिव्याकडे धरला. मग तो एक खोडला, शेजारी शून्य लिहिलं आणि त्यापुढे सही केली. खाडाखोड केली की सही करायची, हा कारखान्यात त्यांनीच घातलेला नियम होता.

"नऊ होती ना?"

"हो साहेब."

बाहेर दुसरी शिफ्ट सुरू झाली होती. साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत ते टेबलाच्या या बाजूला बसलेले मी पाहिले नव्हते.

"मत दिलं नाहीत, त्याचं काही नाही. ते तुमचं आहे. का दिलं नाहीत, एवढं सांगा. मला कुणी सांगत नाही हो."

आवाज अगदी हळू होता. उत्तर माझ्यापाशी होतं. साहेब, तुमच्यासारखा मालक शोधून सापडायचा नाही, पण गेटच्या बाहेर मला मालक नको होता. एवढंच तर म्हणायचं होतं. घरी बायकोपुढे मी ते किती वेळा किती ऐटीत बोललो होतो.

"साहेब, चार चार बटणं होती," मी म्हणालो. "गडबडीत दुसरंच दाबलं गेलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर फार बरं झालं असतं. "होतं असं," ते म्हणाले, आणि उठून टेबलाच्या पलीकडे आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

पुढची दोन वर्षं कारखाना पूर्वीसारखाच चालला. निवडणुकीचा विषय त्यांनी काढला नाही. मी मात्र रोज संध्याकाळी स्टोअरचं रजिस्टर सहीला नेलं की दोन मिनिटं जास्त उभा राहायचो. ते मान वर करून विचारायचे, "काही काम होतं?" मी म्हणायचो, "नाही साहेब." मग एका सोमवारी ते आलेच नाहीत. झोपेतच गेले होते, एकटे.

आता कारखान्याच्या जागी गोदाम आहे आणि मी कोपरला लेकाकडे असतो. त्या संध्याकाळी न बोललेलं ते उत्तर मला अजून पाठ आहे. विचारलं होतं त्यांनी, आणि सांगतोय तुम्हाला.