भागीरथीच्या नावापुढची कट्यार

मुरबाड तालुक्यात धसईला कमळाकर मास्तर शाळेत शिकवायचे. त्यांची पहिली बायको भागीरथी तापानं गेली आणि वर्षाच्या आत, १९३८ साली, मैना त्या घरात आली. भागीरथी चौथी पास होती, मैनेला अक्षर येत नव्हतं. सासू बाईजा येताजाता म्हणायची, "ती मला पोथी वाचून दाखवायची गो." मैनेचा जीव जळायचा. मेलेल्या बाईशी भांडताही येत नाही. तिनं हट्टानं नवऱ्याकडून मुळाक्षरं गिरवून घेतली आणि दोन वर्षांत ती अडखळत वाचू लागली.

१९४१ साली शहापूरच्या ज्ञातिमंडळानं घरोघरची नावं छापून पुस्तक काढलं. मैनेनं आपलं पान शोधलं. 'पत्नी भागीरथी', आणि नावापुढे कट्यारीसारखी बारीक खूण, तिच्याशेजारी चांदणी. त्याखाली 'मैना', नुसतंच.

"ह्या खुना कसल्या?" तिनं सासूला विचारलं.

बाईजाला वाचता येत नव्हतं. "शिकलेली व्हती ना ती. मानाच्याच असतील."

त्या दिवशी मैना जेवली नाही. दुपारी घरात कोणी नसताना तिनं मास्तरांचा टाक घेतला आणि आपल्या नावापुढे कट्यार काढली. चांदणी जमेना, ती सोडून दिली.

आठवड्यानं मंडळाचे सावळाराम पुस्तकातल्या चुका टिपून घ्यायला आले. मैना त्यांच्यापुढे चहा ठेवत होती. पान उलटता उलटता ते थबकले.

"मास्तर, दुसऱ्या वैनीपन वारल्या? आमाला कळवलं नाय तुमी."

मास्तरांनी मैनेकडे पाहिलं. त्यांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडून तिच्यापुढे धरलं. कट्यार म्हणजे मयत, चांदणी म्हणजे साक्षर.

"मीच काढली," ती म्हणाली. "तिला व्हती, मला नव्हती."

मास्तर हसले नाहीत. "हिच्यापुढं चांदणी लिहून घ्या," ते म्हणाले. "ही वाचते."

१९४७ च्या नव्या पुस्तकात मैनेच्या नावापुढे चांदणी आली. भागीरथीपुढे मात्र नुसती कट्यार होती. तिची चांदणी छापायची राहून गेली होती. मास्तरांच्या ते लक्षात आलं नाही. मैनेच्या आलं. चूक कळवायला घरात एक कोरं पोस्टकार्ड होतं. त्यावर तिनं माहेरी खुशाली लिहून धाडली.