यशवंतगडाखालच्या दोन मोटारी

आपामामांना मोटारीतली रिकामी जागा बघवत नसे. रस्त्याने कुणी चालताना दिसलं की ते ब्रेक लावून विचारीत, "खंय जातंस? बस." पूर्वी त्यांची ती काळी, कापडी टपाची मोटार सावंतवाडी ते रेडी उतारू वाहत असे. सरकारी गाड्या आल्या आणि खासगी सर्व्हिस बंद झाल्या. सवय मात्र गेली नाही. आता लोक अवघडत. "नको आपा, आमची गाडी येतलीच," म्हणत आणि झाडाखाली उभे राहत.

मी बेळगावच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहातून सुट्टीत त्यांच्याकडे इन्सुलीला येई. ते आईचे थोरले भाऊ, बिनलग्नाचे. मालवणी मला कळे, पण बोलायला तोंड उघडत नसे. इतर नातेवाईक त्यावरून हसत. मामा म्हणत, "उतारू दोन तऱ्हेचे. एक बडबडणारे, एक खिडकीतून बघणारे. मोटारीक दोनूय लागतत."

एकटे असले की ते चुलीपाशीच उकिडवे बसून जेवत. मी आले की माळ्यावरून दोन पाट निघत.

भिकू हे नाव त्या घरात कुणी काढायचं नाही. मोटारीच्या पहिल्या दिवसापासून तो मामांबरोबर होता. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. सर्व्हिस बंद झाल्यावर तो खाकी कोट घालून सरकारी गाडीवर गेला. पोटाला काहीतरी हवंच होतं. पण मामा त्याच्याशी बोलेनासे झाले. "माझी भाची त्या गाडयेत पाय ठेवची नाय," असंही त्यांनी जाहीर करून टाकलं. बेळगावच्या गाडीसाठी मला सावंतवाडीच्या स्टँडवर ते स्वतः पोचवीत.

त्या वर्षी त्यांच्या मनात आलं, जुन्या सर्व्हिसवाल्यांनी एकदा आपापल्या मोटारी घेऊन रेडीला यशवंतगडाखाली जमावं. एकेकाच्या दारी जाऊन नारळ हातात ठेवला. सगळे म्हणाले, "येतलंव आपा, येतलंव तर!" आमच्याकडे हातातल्या नारळासमोर नाही म्हणायची रीत नाही. मामांना हे काय ठाऊक नव्हतं? तरी त्यांनी प्रत्येक होकार खरा धरला. भिकूचा नारळ त्याच्या बायकोकडे दिला. मला हे त्यांनी रेडीला जाताना वाटेत सांगितलं, गिअर बदलता बदलता. "तो येतलो," एवढंच.

काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि टोपलीभर आंबोळ्या त्यांनी पहाटेपासून राबून केल्या होत्या. आमच्या मोटारीचे दिवे गेले होते. परतताना इतरांच्या उजेडामागून जायचं आणि मला सामानासकट सावंतवाडीच्या स्टँडवर सोडायचं, असा बेत होता.

दुपारपर्यंत एकच मोटार आली, तीही बैलांनी ओढत. शिरोड्याचे तातू स्टिअरिंग धरून ऐटीत बसले होते. "इंजिन म्हातारा झाला, आपा. पण बैल तरणे आसत!" इतरांच्या मोटारींची खबर त्यांनीच दिली. एकीत कोंबड्या होत्या, एक भंगारात गेली होती. मामा मोठ्याने हसले आणि मला घेऊन गडावर गेले. वडाच्या मुळांनी तटाचे चिरे घट्ट धरले होते. "हेचो धनी गेलो, पण हो उभो आसा," ते म्हणाले. मी खाडीकडे पाहत होते. ते रस्त्याकडे.

ऊन कलल्यावर सरकारी गाडी आली आणि आमच्या मोटारीपाशी थांबली. खाकी कोटातला माणूस उतरला.

"आपा, नारळ पावलो."

"पावलो मा? मगे वेळ कित्याक?"

"ड्युटी आसा."

मामांनी पानात आंबोळ्या बांधून त्याच्यापुढे धरल्या. त्याने त्या घेतल्या, पण पाय हलेना. "एकदा चालू कर मरे. आवाज ऐकतंय."

मामांनी हँडल मारलं. मोटार खोकली आणि बसली. पुन्हा तेच. भिकूने आंबोळ्या माझ्या हातात दिल्या, कोटाच्या बाह्या सारल्या आणि हँडल घेतलं. गाडीतून एक म्हातारी ओरडली, "रे मेल्या डायवरा, घराकडे माझी म्हस हंबरत आसतली!" तेवढ्यात इंजिन लागलं. भिकू बॉनेटवर तळवा ठेवून उभा राहिला.

कंडक्टरने घंटी वाजवली. मामांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा बिनदिव्याच्या मोटारीकडे. दुसऱ्या दिवशी माझी शाळा उघडणार होती. त्यांनी माझी पिशवी उचलून भिकूकडे दिली.

"माझां चेडू तुझ्या गाडयेत घालतंय. संभाळून ने. मी आज तातूकडे रवतंय."

भिकूने पिशवी दोन्ही हातांनी घेतली.

त्याने मला आपल्या सीटमागच्या खिडकीशी बसवलं. गाडी निघाली तशी रस्त्यावर सांडलेल्या, रेडीच्या लोखंडाच्या खाणीतल्या मालाची लाल धूळ उडाली आणि मामा मोटारीसकट दिसेनासे झाले. बऱ्याच वेळाने भिकूने मान न वळवता विचारलं, "आपा वेळेर जेवता मा?"

"जेवतत," मी म्हटलं. मालवणीत मी पहिल्यांदाच उत्तर देत होते. "पण एकटेच."

त्याने ऐकलं की नाही, कळलं नाही. पुढचं वळण साधंच होतं, तरी त्याने गाडी अगदी हळू घेतली, आणि म्हातारी पुन्हा ओरडली तेव्हाही वेग वाढवला नाही.