जाऊ पायजे तर पो म्हणा

शेळीला मी "मागांदांग उमागा पो" म्हणलं तवा आमच्या आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूनं, डोक्यावरची पाटी खाली ठेवली अन् इचारलं, "तुला बाहेरचं लागलं का गं?"

"न्हाई आत्या. तिकडची भाषा हाय. सकाळचा रामराम."

"शेळीला?"

"माणसासमोर म्हणायला भ्या वाटतंय."

खरं सांगते, मला समद्याचीच भीती वाटती. पाल, सुई, गॅसची टाकी, बँकेतली बाई, अन् कोणी "तुमचं शिक्षण किती" इचारलं की तर मी पदर सारखा करत आत पळते, कारण नववीत शाळा सुटली अन् पुढच्या उन्हाळ्यात लगीन, अन् आता एक पोरगी बालवाडीत अन् एक लेकरू कडेवर. अशा बाईनं परदेशातली भाषा शिकायची असं समद्या घरानं मिळून ठरवलं, अन् ते काहून ठरवलं ते सांगते.

माझा धाकटा दीर डॉक्टरकी शिकायला फिलिपिन्सला गेल्ता. आमच्याकडची लई पोरं जातात तिकडं. शिकून झालं, अन् फोनवर म्हणला, आई, मला इथली एक पोरगी पसंद हाय, तीबी डॉक्टर हाय, ती आपल्याकडं यायला तयार हाय, पण तिची आई आधी आपलं घर बघणार. घर पटलं तर पोरगी देणार, न्हाई तर न्हाई.

आत्या म्हणल्या, "पोरीच्या आईनं बघायला यायचं? आपण पोराकडचे. आपण जायचं असतंय बघायला."

मामंजी म्हणले, "जा मंग. इमानात बस. तुला पुसेगावच्या बसमधी उलटी व्हती."

तिथं तो इषय संपला.

मंग दीर मला म्हणला, "वैनी, घरातलं एखादं माणूस चार शब्द त्यांच्या भाषेत बोललं ना, तर तिच्या आईला लई बरं वाटंल." मामंजींना ऐकू कमी येतं. आत्या म्हणल्या, माझी जीभ आता वळत न्हाई. आमचे हे म्हणले, मी शेतात हाय. हे समदं बोलणं चाललं तवा ते घरात माझ्या शेजारी बसून चहा पीत व्हते, पण म्हणले शेतात हाय. राहिले कोण, मी.

अन् मी व्हय म्हणलं, कारण मला जाऊ पायजे व्हती. लई पायजे व्हती. समद्या घराच्या भाकरी मी, शेळ्यांचं शेण मी, हळद शिजवायच्या दिवसात कढईपाशी मी, अन् अंघोळीला गेलं की लेकरू कोणापाशी ठेवावं ते कळत न्हाई, म्हणून दार अर्धं उघडं ठेवून तांब्याभर पाण्यात उरकायचं. पण कामाचं एक राहू द्या. माझ्याबराबरीचं घरात कोणी नव्हतं. आत्या आज काहून चिडल्यात, हे हळूच इचारायलासुदिक कोणी नव्हतं. येणारी जाऊ डॉक्टर असो, कलेक्टर असो, मला फक्त ती चुलीपाशी बसलेली दिसत व्हती अन् मी तिला समदं सांगून राहिले असं दिसत व्हतं.

दीर मोबाईलवर बोलून पाठवायचा अन् मी भाकर थापता थापता ऐकायची. पहिला धडा पोचा. मोठ्या माणसाशी बोलताना मागं पो लावायचं, आपण जी म्हणतो तसं. व्हय म्हणायचं तर ओपो. मला भीती अशी की ऐन टायमाला पो राहून जाईल अन् सोयरीक मोडंल, म्हणून मी ठरवलं की सगळ्यालाच लावून टाकायचं, जास्त झालं तर कोणाचं काय बिघडतंय. दूधवाल्याला म्हणलं, अर्धा लिटर द्या पो. लेकराला म्हणलं, झोप पो. कुत्र्याला म्हणलं, हाड पो. पोरगी बालवाडीत जाऊन "हजर पो" म्हणली, तर बाईंनी घरी निरोप धाडला की पोरीला कुठं शिवी शिकवली का काय.

सालामात पो म्हणजे उपकार झाले. हे मामंजींना बराबर ऐकू आलं. "सलामत? हे तर आपलंच हाय. माझे वडील रोजच म्हणायचे." तवापासून त्यांचं मत झालं की ती भाषा मुळात परभणीकडची असावी. अन् न्हाई म्हणायला तिकडं हिंदी म्हणतात. आत्या म्हणल्या, "ते बरंय, हिंदी मला येती."

मंग आलं मानो पो. म्हाताऱ्या माणसाचा हात आपल्या हातात घ्यायचा अन् आपल्या कपाळाला लावायचा, तिकडं तसं पाया पडतात. मी हे अंगणात आत्यांच्या हातावर करून बघत व्हते, तर गल्लीतल्या बाया जमल्या. एक म्हणली, आमालाबी शिकव, पाहुणी येणार तर गल्लीची इज्जत हाय. मी शिकवलं. मला वाटलं आपण कधी कोणाला काही शिकवलं न्हाई, शिकवावं.

शेवटचा धडा जेवणाचा. दीर म्हणला, "वैनी, तिकडं कोणी जेवत असंल अन् आपण समोर आलो तर ते म्हणतात, काइन तायो. या जेवायला. पण बसायचं न्हाई बरं का. म्हणायची रीत हाय ती. आपण म्हणायचं, बुसोग ना पो आको. पोट भरलंय." हे मला लई सोपं वाटलं. आमच्याकडंबी वट्ट्यावर जेवणारा रस्त्यानं जाणाऱ्याला या जेवायला म्हणतोच, अन् तो न थांबता आत्ताच झालं म्हणतो, अन् उपाशी घरी जातो. मी दिवसभर घोकून राहिले, बुसोग ना पो आको, बुसोग ना पो आको. शेळ्यांनासुदिक पाठ झालं असंल.

पाहुण्या आल्या त्या दिवशी आमच्या ह्यांनी सिद्धेश्वर धरणावरून मासे आणले, कारण तिकडं भात अन् मासे खातात म्हणे. जीप थांबली. आधी दीर उतरला, मंग ती पोरगी, पंजाबी ड्रेस घातलेली अन् लई गोड हसणारी, अन् मंग तिची आई. बुटकीशी बाई, बारीक केस कापलेले, पॅन्ट, हातात छत्री. मी भाकर तुकडा घेऊन दारात. त्यांच्यावरून तो ओवाळून मी बाजूला फेकला, तर त्या फेकलेल्या भाकरीकडं बघतच राहिल्या. आता इचार केला की वाटतं, त्यांना वाटलं असंल, आमचंच जेवण व्हतं का ते?

मी घाईघाईत हात धरला. मानो पो म्हणलं अन् कपाळाला लावला. पण त्या दिवशी मी ठसठशीत कुंकू लावल्यालं, खाली व्हॅसलीन. त्यांच्या हाताला लाल गोल उमटला. मी घाबरून तो पदरानं पुसाया लागले, तर तो मनगटापर्यंत पसरला. अन् तेवढ्यात माझ्या मागून गल्ली आली. समद्या नटून, समद्यांचं कुंकू ताजं, एकामागं एक, मानो पो, मानो पो. बाईचा हात लालभडक. त्या वरडायला लागल्या, "हिंदी पो! हिंदी पो!"

शेजारीण मागं वळून म्हणली, "हिंदीत बोला म्हणतायत गं," अन् त्यांना म्हणली, "आप घबराव मत, सबका नंबर आयेगा."

तेवढ्यात गल्लीतली सगळ्यात म्हातारी, जिला धड उभं राहता येत न्हाई, ती काठी टेकत आली अन् तिनंबी कपाळ टेकवलं. मंग आत्यांना वाटलं आपणच कशाला मागं राहायचं. त्यांनीबी टेकवलं.

दीर जीपवरून बॅगा टाकून पळत आला. "अरे थांबा! लहानानं मोठ्याचा हात घ्यायचा असतो! तुमी माझ्या सासूला शंभर वर्षाची म्हातारी करून टाकली!"

बाया मागं सरकल्या. पाहुणीनं आपला हात नाकापाशी नेऊन वास घेतला. आत्यांनी मला दंडाला धरून आत नेलं अन् दाराआड म्हणल्या, "घे. घालवलीस ना जाऊ? अन् मी पोराची आई, मला पोरीच्या आईसमोर वाकायला लावलंस!"

मी चुलीपाशी बसून भाकरी थापल्या अन् मला तिथं दुसरं कोणीच बसलेलं दिसंना.

जेवायला पंगत बसली. मामंजी, आमचे हे, दीर, ती पोरगी, तिची आई. मी वाढायला. आमच्यात सून समद्यांच्या मागून जेवती, आत्यांच्याबी मागून, चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून. अन् मामंजींसमोर तर मी घासच काय, पाण्याचा घोटसुदिक कधी घेतला नव्हता. त्या दिवशी सकाळपासून पोटात काही नव्हतं अन् अंगावर पिणारं लेकरू. माशाचा वास असा येऊन राहिला की डोळ्यापुढं अंधारी.

भात वाढून मी उभी राहिले तर पाहुणीनं मान वर केली, माझ्या तोंडाकडं नीट बघितलं अन् म्हणल्या, "काइन तायो."

मला उत्तर येत व्हतं. देवाशपथ येत व्हतं. जिभेवर व्हतं. पण भीतीनं ते कुठं गेलं की भुकेनं गिळलं, काय ठाऊक, मी म्हणलं, "ओपो. सालामात पो."

अन् बसले.

पायच वाकले, मी न्हाई बसले. दीर माझ्याकडं बघून मान हलवून राहिला, न्हाई वैनी, न्हाई. मामंजींचा घास हवेतच. पाहुणीनं झटकन सरकून जागा केली अन् पोरीनं माझ्यापुढं ताट ठेवलं. आता उठणं म्हणजे अपमान, अन् बसणं म्हणजे मरण. मी पदर एवढा खाली ओढला की मला ताटच दिसंना. चाचपडत हात घातला तर तो आमच्या ह्यांच्या वाटीत गेला. ते हळूच म्हणले, "ती माझी हाय." मंग कोणीतरी माझ्या ताटात माशाचा तुकडा ठेवला. पदराखालून बघितलं तर काटे काढल्याला. पाहुणीच्या लाल हातानं काढल्याला.

मी खाल्लं. लई चांगलं लागलं, खोटं काहून सांगू.

तेवढ्यात भाकरी संपल्या. कोणी उठंना. आत्या दारात उभ्या. पाहुण्यांसमोर मला वरडता येईना, अन् उठ म्हणताबी येईना. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पाहुणीकडं, अन् गेल्या चुलीपाशी. थापल्याचा आवाज असा येत व्हता की ती भाकर न्हाई, माझी पाठ असावी. मंग आल्या अन् वाफाळलेली भाकर माझ्या ताटात दणकन टाकली.

"घे. गरम हाय," म्हणल्या. अन् दात आवळून म्हणल्या, "पो."

पाहुणी बघत व्हत्या. त्यांनी आपल्या पोरीला काहीतरी लांबलचक सांगितलं. पोरगी रडाया लागली अन् मी हातातला घास ताटात ठेवला. दीर म्हणला, "आई, त्या म्हणतात, त्यांना कोणीतरी सांगितलं व्हतं, इकडं सुना मागून उरलंसुरलं खातात. त्या न्हाई म्हणायलाच आल्त्या. पण इथं तर सासू सुनेला गरम भाकर वाढती. त्या म्हणतात, पोरगी देते."

समद्यांनी आत्यांकडं बघितलं.

"मंग?" आत्या म्हणल्या. "आमच्यात पहिल्यापासून असंच हाय."

आमच्या ह्यांना असा ठसका लागला की पाठीत बुक्क्या मारायला लागल्या.

लगीन झालं, जाऊ आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवायचा टाईम झाला. ताटं मांडली. तिनं आधी मला धरून बसवलं, अन् मंग आत्यांचा हात धरून म्हणली, "काइन पो तायो." आत्या म्हणल्या, मी मागून. तिनं हात सोडला न्हाई. आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "आत्या, आपल्यात पहिल्यापासून असंच हाय ना."

आत्या बसल्या. मामंजी बसले, हे बसले, दीर बसला, लेकरं बसली. समदं घर एका ओळीत, अन् चुलीवर तव्यात भाकर, तिचा करपल्याला वास यायला लागला. मामंजींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"आता उठणार कोण?"

कोणीच हललं न्हाई. जाऊ मला खुणेनं इचारून राहिली, काय झालं. धूर झाला. शेवटी आमचे हे उठले, गळ्यातल्या रुमालानं भाकर उचलली, हात पोळला म्हणून दोनदा खाली टाकली, अन् काळीकुट्ट भाकर आणून आत्यांच्या ताटात ठेवली.

आत्यांनी ती बोटानं वाजवून बघितली अन् पोराला म्हणल्या, "सालामात पो."