नारळाखालचे काका

आता हसणार असाल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. माझा स्वभाव मुळात बेचैन. कुठे काही बिघडतंय असं दिसलं की माझे हात आधी हलतात, डोकं मागून येतं. त्यापायी मुलुंडमध्ये माझी जी शोभा झाली, ती सांगते.

रविवारी सकाळी ब्लाऊज शिवायला टाकायचा म्हणून पुढच्या गल्लीतल्या एका सोसायटीत गेले होते. गेटमधून आत शिरले तर समोर उंच नारळाचं झाड. शेंड्यावर कोयता घेतलेला माणूस, आणि बरोबर त्याच्या खाली प्लास्टिकच्या खुर्चीत सत्तरीचे एक काका, आरामात पेपर वाचत बसलेले.

मी धावतच पुढे गेले.

"काका, आधी तिथून उठा," मी म्हटलं.

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "का? जागा तुमच्या बापाची आहे?"

"अहो, जरा वर बघा."

"वरच्यांना मी घाबरत नाही. चेअरमनला खाली पाठवा."

डोक्यावर मरण लटकतंय आणि हा माणूस चेअरमन मागतोय.

तेवढ्यात झाडावरचा ओरडला, "दीदी, हटाओ ना उनको. कब से लटका हूँ." मला वाटलं, झालं, याच्या हातून घड सुटतोय.

बाल्कन्यांत पंधरा-वीस माणसं उभी. चहा पीत मजा बघतायत. एकालाही खाली यावंसं वाटू नये?

"काका, जीव जाईल हो तुमचा."

"धमकी देताय? कितव्या मजल्यावर राहता?"

"मी इथली नाहीच."

"म्हणजे आता बाहेरून माणसं आणली."

पुढे मी विचार केलाच नाही. पिशवी खाली टाकली, खुर्ची मागून धरली आणि काकांसकट गेटपर्यंत फरफटत नेली. काका पेपरची सुरळी करून माझ्या डोक्यात हाणत होते.

समोर धाडकन पहिला घड पडला. मग दुसरा. मग तिसरा.

"बघा, वाचलात ना?" मी धापा टाकत म्हटलं.

बाल्कन्यांतून टाळ्या. मी आपली लाजून मान खाली घातली.

चेअरमन जिना उतरून धावत आले. "मॅडम, फार उपकार झाले. झाड यांनी लावलेलं, म्हणून नारळ कमिटीला वाटू देणार नाहीत. सकाळी सातपासून खाली ठाण मांडून बसले होते. ते बसलेत तोवर वरचा कोयता चालवेना, आणि यांना हात लावायची आमच्यात कोणाची हिंमत नाही."

म्हणजे त्या क्षणी अख्ख्या मुलुंडमध्ये त्या खुर्चीइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. आणि मी तिथून त्यांना ओढून काढलं होतं.

चेअरमननी माझ्या हातांत दोन नारळ ठेवले. आणि मी बावळटासारखे घेतले.

काका अजून खुर्चीतच होते. पेपर सरळ करता करता त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "दोन नारळांत फुटलात? मला विचारायचं होतंत, मी चार दिले असते."