बोलणं झाल्याप्रमाणे

तीन मार्चला लोखंडी कपाटांच्या कारखान्यात अठरा हजार चारशे रुपयांचं बिल आलं. रंगात मिसळायच्या थिनरचे चाळीस डबे, तेही जुन्या दराने. जानेवारीपासून दर वाढलेला असताना ही मेहेरबानी कशापायी, म्हणून मॅनेजरबाईंनी स्टोअरकीपरला केबिनमध्ये बोलावलं.

कमरेला सदा किल्ल्यांचा जुडगा, म्हणून या गृहस्थांना सगळे किल्लेदार म्हणत. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक खिळा इकडचा तिकडे झाला नव्हता.

"किल्लेदार, रंगवाल्यांशी परस्पर काय ठरवलंत?"

"मी? काहीच नाही, मॅडम."

बाईंनी त्यांचंच इंग्रजी पत्र पुढे सरकवलं. सुरुवातच होती, 'अ‍ॅज डिस्कस्ड'. "म्हणजे, आपलं बोलणं झाल्याप्रमाणे. कोणाचं बोलणं? दर ठरवणारी मी. मागच्या दाराने बोलणी करणाऱ्याला इथे जागा नाही, ठाऊक आहे ना?"

किल्लेदारांनी घाईघाईने हात जोडले. "बोलणं झालंच नाही, मॅडम. दर मागच्या पत्रावरून उतरवून घेतला."

"मग तसं लिहिलंत कशाला?"

"पत्रात लिहावंच लागतं ना?"

आता गोंधळायची पाळी बाईंची होती.

खरी गोष्ट अशी, की जुने साहेब आधी फोन करत, मग किल्लेदारांना पत्र लिहायला लावत. सुरुवात ठरलेली, अ‍ॅज डिस्कस्ड. साहेब गेले, त्यांच्याबरोबर फोनही निवृत्त झाला. वाक्य मात्र नोकरीत राहिलं. किल्लेदारांना अर्थ ठाऊक होता, पण जेवणाआधी हात धुवावेत तसं ते पत्राआधी लिहायचंच असतं, अशी त्यांची समजूत.

बाईंनी फाइल मागवली. एकशे बारा पत्रं, पैकी एकशे सात 'अ‍ॅज डिस्कस्ड'. तळाशी रजेचा अर्ज निघाला. बाईंनी तो मोठ्याने वाचला, "आपलं बोलणं झाल्याप्रमाणे, माझ्या सासूबाई काल वारल्या." आणि कपाळाला हात लावला. "हेही ठरवूनच का?"

"नाही हो, मॅडम! एकाएकी गेल्या!"

बाईंना हसू आवरेना. त्यांनी रंगवाल्यांना फोन लावला. तिकडचा कारकून म्हणाला, "आम्हाला वाटलं, आमचे शेठ बोलले असतील." शेठना वाटलं होतं, कारकून बोलला असेल. विचारून शोभा कोण करून घेणार? जुन्याच दराने माल पाठवून दिला.

"जा, किल्लेदार. संशय नाही आता. पण यापुढे आधी बोला, मग लिहा."

घरी त्यांनी सुनेला पत्र दाखवलं. ती शाळेत इंग्रजी शिकवायची.

"वाक्य अगदी बरोबर आहे, बाबा."

"मग चुकलं काय?"

"बोलणं झालं नव्हतं ना!"

"पण वाक्य बरोबर?"

"बरोबर."

किल्लेदारांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिळेवाल्याला फोन केला. बोलता बोलता सगळं ठरलं, माल दुपारीच आला. आता पत्रात लिहायचं काय, ते काही केल्या उमगेना. शेवटी 'अ‍ॅज डिस्कस्ड' एवढंच लिहून खाली सही केली आणि जावक वहीत नोंद केली.

थिनरच्या दरातल्या फरकाचे सहाशे वीस रुपये रंगवाल्यांना अजून द्यायचे आहेत.