मेस्त्रींचा अंगठा

आमच्या मेस्त्रींचा उजवा अंगठा नारळाच्या करवंटीएवढा होता. खोटं वाटत असेल तर त्यांनी हात लावलेलं कुठलंही इंजिन बघा, ठसा अजून असेल. अर्धा जन्म त्या अंगठ्याने त्यांनी बंदरातल्या पडाव-होड्यांच्या फटी राळेने बुजवल्या, आणि रत्नागिरीत मोटारी आल्या तसे कुणी न बोलावता माझ्या मोटारीकडे वळले.

माझी मोटार लांजा ते रत्नागिरी उतारू वाहायची. कुणा साहेबाने वापरून टाकलेली. सांध्यासांध्यातून असं तेल गळे की कोंबड्यासुद्धा तिच्याखाली बसत नसत. म्हणून मी मुंबईहून पातळ लाखेची डबी मागवली. सांध्यात बसणाऱ्या पॅकिंगच्या दोन्ही अंगांना हलका हात द्यायचा, जरा चिकटसर होऊ द्यायचं, मग बोल्ट आवळायचे, एवढीच विद्या. इंजिनाच्या डोक्याखाली, म्हणजे हेडखाली, तांब्याचं पॅकिंग असतं, त्याला तर तेही नको. मेस्त्रींनी डबी हुंगली. "अत्तर आहे काय रे हे?" म्हणाले, आणि स्वतःचा डबा उघडला. राळ, जवसाचं तेल, शिंपल्यांचा चुना.

"मेस्त्री, पातळ लावा हो, पातळ!"

"पोराला तूप वाढतानाही असाच हात आखडतोस काय मेल्या?"

आत पाणी शिरतंय की बाहेर तेल येतंय, हा भेदच त्यांना मान्य नव्हता. भोक दिसलं की अंगठा चाललाच. एकदा तर भोंगाही बुजवला. सबंध शिमगा मी तोंडाने भों भों करत गाडी हाकली.

आगोटीच्या तोंडावर मुंबईची शेवटची बोट लागली होती. त्यानंतर पावसाळाभर समुद्र बंद. लांज्याच्या सदूला गिरणीत जागा मिळाली होती आणि ही बोट चुकली की त्या जागेवर दुसरा बसणार होता. त्याची आई मला बजावत होती, "पोचव हो त्याला." आणि आदल्याच संध्याकाळी, मी जेवायला गेलो तेवढ्यात, मेस्त्रींनी हेड उतरवून अंगठा चालवला होता!

सदूबरोबर मेस्त्रीही गाडीत बसले होते. हातखंब्याच्या अलीकडे मोटार भाताच्या तपेल्यासारखी उकळली. पाण्याच्या वाटाच त्या राळेने बंद! हेड उघडू म्हटलं तर हलेना. शेवटी हेडला दोर बांधला, तो आंब्याच्या फांदीवरून घेतला आणि एका गाडीवानाचे बैल जुंपले. मोटार चार हात वर उचलली गेली, हेड तसूभर सुटलं नाही.

"बघितलंस?" मेस्त्री मला म्हणाले. "काम कसं झालंय!"

मी त्यांना काय बोललो ते छापण्याजोगं नाही.

मग मेस्त्री मडगार्डवर घागर घेऊन बसले आणि प्रत्येक विहिरीचं पाणी इंजिनावर ओतत आम्ही बंदर गाठलं. बोट लांब उभी. उतारू नेणारे पडाव सुटलेले, एकच उरलेला, आणि त्याचा तांडेल सदूला चढू देईना. "तळाला फट पडलीय. बुडालात तर माझ्या नावाने शंख कराल."

मेस्त्रींनी डबा उघडला. फट भरली, अंगठा दाबला आणि पडावात बसकण मारली. "अंगठा काढला तर पाणी येईल. हाक रे!"

सदू बोटीवर चढला. मेस्त्री पडावातूनच मला ओरडले, "हेडला हात लावू नको! मी येऊन बघतो!"

ते आले नाहीत. पावसाळाभर पडाव दुरुस्त करायला तांडेलांनी त्यांना ठेवून घेतलं, आणि भाद्रपदात तापाने ते गेले.

मोटारीची चाकं गेली, गाद्या गेल्या, टप उडाला. इंजिन मात्र माझ्या परड्यात फणसाखाली अजून पडलंय. मी अजून हेडला हात लावलेला नाही. आणि लावला असता तरी मेल्याचं उघडलं असतं थोडंच!